डावीकडे वळताना

मला तो आवाज कधीच ऐकू आला नाही.
कुंदाला यायचा.
दांडेकर पुलाशी गाडी वळली की ती बोलणं मधेच तोडायची,
मान एवढीशी आखडायची,
‘हा बघ. आत्ता. गेला.’
मी म्हणायचो, खड्डा असेल.
पुण्यात ही सबब कधी खोटी पडत नाही.

माझ्या कानात एक यंत्र आहे, मटाराच्या दाण्याएवढं.
त्याला हॉर्न कळतात, कुकर कळतो,
सोसायटीच्या मीटिंगमधला आरडाओरडा नको तितका कळतो,
पण चाकाच्या वर, पत्र्याच्या आड
काही बिनसलंय, हे नाही कळत.

कोथरूडच्या चकचकीत गॅरेजात
आम्हाला काचेआड बसवून कॉफी दिली.
लिंक रॉड बदलले, बुश बदलले,
बिलाला दोन पानं.
येताना नळ स्टॉपच्या वळणावर
कुंदा खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘आहेच.’

मग गंज पेठेतला मुनाफ तांबोळी.
बोळात अर्धं गॅरेज, अर्धं रस्त्यावर.
त्यानं पान्याला हात लावला नाही, आधी विचारलं,
‘पळताना टकटक करतं का? वेग वाढला की भरभर?’
नाही.
‘मग एक्सल नाही. गतिरोधकावर?’
नाही.
‘उभ्या गाडीत, नुसतं स्टिअरिंग फिरवलं तर?’
मी कुंदाकडे पाहिलं.
‘तेव्हा तर नक्कीच,’ ती म्हणाली.
‘काका, लिंक रॉडचे पैसे पाण्यात गेले.
काकू, आवाज काढून दाखवा.’

तीस वर्षं टपाल खात्यात काउंटरवर बसलेल्या बाईनं
बोळात दोन्हीकडे पाहिलं, आणि काढला:
‘कर्र... टण्ण.’
पंक्चर काढणारं पोरगं हसलं.
मुनाफ हसला नाही.
‘परत. टण्ण शेवटीच ना?’
‘शेवटीच. आधी अडकतं, मग सुटतं.’

त्यानं तिलाच स्टिअरिंगवर बसवलं
आणि माझा हात धरून
चाकाच्या वरच्या अंधारात नेला.
‘स्प्रिंगवर बोटं टेकवा. दाबू नका, नाडी बघतात तशी.
काकू, फिरवा. डावीकडं. सावकाश.’

आधी काहीच नाही. चिखल, गार लोखंड.
मग स्प्रिंग ताठली,
चाक वळत होतं आणि ती वळायला तयार नव्हती,
पीळ धरून राहिली, धरून राहिली,
आणि एकदम उसळली.
माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या.
आत बसलेल्या कुंदाला मी ओरडून सांगितलं,
‘आला!’
सहा महिने ती जे सांगत होती ते आत्ता पोचलं,
तेही उजव्या हातात.

नाना पेठेतून पोरगं वरचं माउंट आणि बेअरिंग घेऊन आलं,
दोन्ही बाजूंची. ‘एकच बदलू नये,’ मुनाफ म्हणाला,
‘उरलेली महिन्यात कुरकुरते.’
स्प्रिंग कंप्रेसरनं आवळताना
त्यानं आम्हाला दोघांना लांब उभं केलं.
बोलणं बंद. हे एवढंच काम
तो जरा घाबरून करत होता.
संध्याकाळी अलाइनमेंटची चिठ्ठी हातात देऊन
मजुरी सांगितली; कुंदानं घासाघीस केली नाही,
याची मी नोंद घेतली.

जुनी बेअरिंग मी मागून घेतली.
आत गंजाची तांबडी भुकटी, तपकिरीसारखी,
फिरवली की तळहाताला खर्र लागते.

दांडेकर पुलाशी आलो. वळलो.
माझ्यासाठी काहीच बदललं नव्हतं,
आधीही शांतता, आताही शांतता.
म्हणून मी रस्ता सोडून क्षणभर तिच्या मानेकडे पाहिलं.
ती भाचीच्या साखरपुड्याबद्दल बोलत होती,
कोण रुसलं, कोणाला बोलावणंच नव्हतं,
आणि वाक्य वळणातून सरळ पार गेलं,
कुठंच तुटलं नाही.

‘पुढे बघ,’ ती म्हणाली.
आणि जरा थांबून,
‘मागून काही तरी वाजतंय का रे?’